बर्लिनमधल्या समकालीन आर्ट गॅलऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्लिनला शिकायला किंवा नोकरीसाठी आलेली, नाहीतर मुलाकडे दोन-तीन महिने राहायला आलेली मराठी माणसं गॅलऱ्यांबद्दल मला जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी चित्रकार नाही, समीक्षकही नाही. पण बरीच वर्षं शनिवारची दुपार गॅलऱ्यांसाठी राखून ठेवत आले आहे आणि या शहराशी माझी खरी ओळख त्या दुपारींनीच करून दिली. वेळा आणि तिकिटं बदलत राहतात, त्यामुळे घरातून निघण्यापूर्वी त्या त्या ठिकाणची वेबसाइट बघून घ्या.

गॅलरीत जायला तिकीट लागतं का?

खासगी गॅलरीत लागत नाही. तिचा सगळा खर्च विक्रीतून निघतो आणि नुसतं बघायला आलेल्याकडून ती काही घेत नाही. मुंबईत काळा घोड्याला आपण रस्त्यावरून सरळ जहांगीरमध्ये शिरतो, तसंच इथेही शिरायचं.

गोंधळ होतो तो एकाच शब्दाखाली बऱ्याच गोष्टी येतात म्हणून. खासगी गॅलरी हा एक प्रकार. दुसरा 'कुन्स्टफेराइन', म्हणजे कलाप्रेमी सभासदांची संस्था. शोसेश्ट्रासेवरची 'एन-बे-का' ही १९६९ साली सुरू झालेली संस्था त्यातली. तिथेही प्रवेश मोफत आहे. तिसरा प्रकार शहराच्या प्रत्येक विभागाने चालवलेल्या सार्वजनिक गॅलऱ्यांचा, त्याही मोफत. तिकीट लागतं ते संग्रहालयांना. 'बर्लिनिशे गॅलरी' हे नाव ऐकून लोक मोफत समजून जातात, पण ते शहराचं आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. काही धनिकांचे खासगी संग्रह आहेत, तिथे तिकिटाबरोबर आगाऊ नोंदणीही लागते.

पत्ता बरोबर आहे, पण दार बंद आहे. गॅलरी बंद झाली का?

बहुतेक वेळा नाही. घंटा वाजवा.

सगळ्यात जास्त माणसं इथूनच परत फिरतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. बर्लिनच्या जुन्या इमारती आपल्या वाड्यांसारख्या आहेत. रस्त्यावर मोठा दरवाजा, आत पहिला चौक, त्याच्या मागे दुसरा, कधी तिसराही. या मागच्या चौकाला 'हिंटरहोफ' म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुढच्या भागात ऐपतदार कुटुंबं राहायची आणि मागच्या चौकांत कामगारांची बिऱ्हाडं, कारखाने, तबेले असायचे. आज तिथे गॅलऱ्या आहेत. रस्त्यावर पाटी नसते. असतं ते दाराशेजारी बटणांचं पितळी फलक, आणि त्यात भाडेकरूंच्या नावांमध्ये गॅलरीचं नाव बारीक अक्षरात. ते बटण दाबायचं. दार 'गर्र' असा आवाज करतं, तेवढ्यात ढकलायचं. मग चौक ओलांडून पुढच्या जिन्याने वर.

पहिल्या वर्षी मी लीनिएनश्ट्रासेवर अशाच एका दारापुढे दहा मिनिटं उभी होते. बटणावर नाव दिसत होतं, बोट पुढे जात नव्हतं. वर कोणी विचारलं, 'काय काम आहे?' तर सांगणार काय? शेवटी घरी आले. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले आणि बटण दाबलं. कोणी काहीच विचारलं नाही. दार उघडलं, दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी कॉम्प्युटरमधून मान वर करून 'हालो' म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. तीन खोल्यांत मी एकटी आणि भिंतींवर आठ चित्रं.

ज्यांनी मुंबईत क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर चढून जाऊन केमोल्ड प्रेस्कॉट रोड ही गॅलरी पाहिली आहे, त्यांना हे नवं वाटणार नाही. तिथेही खालून वर काय आहे ते कळत नाही.

मला काही विकत घ्यायचं नाही. त्यांना राग येणार नाही का?

नाही. येणाऱ्या शंभरांतले नव्याण्णव विकत घेत नाहीत, हे त्यांना ठाऊक असतं. प्रदर्शन लोकांनी पाहणं, त्याबद्दल बोलणं, हीच त्या कलाकाराची पत वाढण्याची वाट आहे. आत गेल्यावर 'हालो' म्हणा, निघताना 'च्यूस' म्हणा, एवढं पुरतं. टेबलावरची माणसं आपणहून बोलायला येत नाहीत. तो तुटकपणा नव्हे, तुम्हाला मोकळं सोडण्याची ती इथली रीत आहे. प्रश्न विचारलात तर तीच माणसं अर्धा तास बोलतात.

सुरुवात कुठल्या भागापासून करावी?

मी नवख्यांना मिटेमधल्या आउगुस्टश्ट्रासेला घेऊन जाते. एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, ओरानियनबुर्गर श्ट्रासेला उतरलं की पाच मिनिटांत तिथे पोचतो. रस्ता लहान, झाडांचा, आणि दोन समांतर गल्ल्यांत मिळून तीन तास सहज जातील इतकं पाहायला. ६९ नंबरला 'का-वे' आहे: जुना मार्गारीनचा कारखाना, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कलाकेंद्र. प्रदर्शनाला तिकीट आहे, पण चौकात जायला नाही. तिथे डॅन ग्रॅहॅम या अमेरिकन कलाकाराने रचलेला काचेचा कॅफे आहे, त्याच्या भिंतींत माणसं आणि झाडं एकमेकांवर चढलेली दिसतात. मंगळवारी का-वे बंद असतं, बाकी बहुतेक संग्रहालयं सोमवारी. त्याच रस्त्यावर 'आयगन प्लुस आर्ट' आहे. ही गॅलरी १९८३ साली लाइपझिगमध्ये, पूर्व जर्मनीच्या काळात, एका राहत्या घरात सुरू झाली. सरकारी मान्यतेशिवाय चित्रं दाखवायला घर हीच जागा होती. १९९२ मध्ये ती बर्लिनला आली.

दुसरा भाग पॉट्सडामर श्ट्रासे. कुर्फ्युर्स्टनश्ट्रासे स्टेशनला उतरा. रस्ता वरवर पाहिला तर तुर्की किराणा, स्वस्त कपडे, वाहनांची वर्दळ. पण ७७ ते ८७ नंबरच्या आतल्या आवारात, जिथे पूर्वी 'टागेसश्पीगेल' वर्तमानपत्राची कचेरी आणि छापखाना होता, तिथे आज एकापेक्षा एक गॅलऱ्या आहेत. छत उंच, त्यामुळे मोठी शिल्पं आणि मांडणशिल्पं बघायची तर इथे.

शार्लोटेनबुर्गमध्ये जुन्या पश्चिम बर्लिनचा थाट आहे: नक्षीची दारं, गालिचाचे जिने, फासानेनश्ट्रासेची शांतता. छायाचित्रांची आवड असेल तर झू स्टेशनसमोरच्या जुन्या अमेरिका हाउसमध्ये 'सी-ओ बर्लिन' हे छायाचित्र केंद्र आहे. क्रॉइत्सबेर्ग, नॉयक्योल्न आणि वेडिंगमध्ये कलाकारांनी स्वतः चालवलेल्या छोट्या जागा अधिक. त्या उघडतात, बंद पडतात, दुसरीकडे पुन्हा उघडतात. मला स्वतःला सगळ्यात जिवंत कला याच जागांत भेटली आहे. पण पहिल्याच दिवशी तिकडे गेलात तर अर्ध्या दारांना कुलूप सापडेल. ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची ठिकाणं आहेत.

'इंडेक्स बर्लिन' नावाची गॅलऱ्यांची यादी वेबसाइटवर आणि गॅलऱ्यांत घडीच्या कागदावर मिळते. त्यात नकाशा असतो, तेवढा पुरतो.

एवढ्या गॅलऱ्या याच शहरात का? आणि चर्च, बंकर असल्या ठिकाणी का?

कारण १९८९ च्या नोव्हेंबरात पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधली भिंत पडली आणि पूर्व बर्लिनच्या मध्यभागी रिकाम्या इमारतींचे रस्तेच्या रस्ते उघडे पडले. मालक कोण हे ठरायला वर्षं लागणार होती. काही मालक नाझी काळात ज्यू म्हणून हाकलले वा मारले गेले होते, काहींची मालमत्ता नंतर सरकारजमा झाली होती. तोपर्यंत भाडं जवळजवळ नाही, वीज-पाणी कसंबसं, आणि जागा हवी तेवढी. जगभरातून तरुण कलाकार आले. १९९० मध्ये ओरानियनबुर्गर श्ट्रासेवरचं मोडकं डिपार्टमेंट स्टोअर, 'टाखेलेस', त्यांनी ताब्यात घेतलं आणि तिथे स्टुडिओ थाटले. १९९२ मध्ये आउगुस्टश्ट्रासेच्या आसपास '३७ रॉयमे', म्हणजे ३७ खोल्या, नावाचं प्रदर्शन झालं. घरं, दुकानं, पडीक खोल्या अशा जागांत, प्रत्येक जागा वेगळ्या व्यक्तीने मांडलेली. आजच्या गॅलऱ्यांच्या नकाशाची मुळं त्या उन्हाळ्यात आहेत.

म्हणून बर्लिनमध्ये चित्राबरोबर भिंतही बघा. राइनहार्टश्ट्रासेवरचा बंकर घ्या. १९४२ साली बांधलेला, सुमारे २ मीटर जाड काँक्रीटचा, बॉम्बहल्ल्यात जवळच्या स्टेशनातल्या प्रवाशांनी आसरा घ्यावा म्हणून. युद्ध संपल्यावर सोव्हिएत सैन्याने त्याचा तुरुंग केला. मग पूर्व जर्मनीत तिथे फळं साठवायचे, थंडावा चांगला म्हणून. लोक त्याला 'केळ्यांचा बंकर' म्हणत. १९९० च्या दशकात टेक्नो क्लब. २००३ मध्ये कलासंग्राहक ख्रिस्तियान बोरोस यांनी तो घेतला आणि २००८ पासून आपला संग्रह तिथे दाखवायला सुरुवात केली. आत फिरताना एखाद्या नाजूक शिल्पाशेजारी गोळ्यांच्या खुणा किंवा क्लबच्या काळातला काळा रंग दिसतो. कोणी पुसलेला नाही.

क्रॉइत्सबेर्गमधलं सेंट आग्नेस हे कॅथलिक चर्च वेर्नर ड्युटमान या वास्तुकाराने १९६० च्या दशकात बांधलं. बाहेरून करडं, खिडक्या नसल्यासारखं. २०१५ मध्ये क्योनिग गॅलरी तिथे आली. प्रार्थनेच्या सभागृहात वरून उतरणारा उजेड आजही तसाच आहे आणि त्या उजेडात कुठलीही वस्तू ठेवली तरी माणूस आवाज खाली आणतो. नॉयक्योल्नमधली किंडल बीअरची भट्टी आता समकालीन कलेचं केंद्र आहे. तिचं बॉयलरघर लांबी, रुंदी, उंची तिन्ही बाजूंनी २० मीटर आहे आणि त्यात एका वेळी एकाच कलाकाराचं एकच काम मांडतात. एकच काम! एवढी मोकळी जागा एका कल्पनेला देणारी ठिकाणं फार थोडी आहेत.

ही गोष्ट इथेच थांबली असती तर बरं झालं असतं, पण भाडी वाढली. टाखेलेसमधल्या शेवटच्या कलाकारांना २०१२ मध्ये बाहेर काढलं. आज त्या आवारात महागडी घरं, कचेऱ्या आहेत आणि जुन्या इमारतीत २०२३ पासून 'फोटोग्राफिस्का' हे तिकीट असलेलं छायाचित्र केंद्र. ते बघण्यासारखं आहे, जिन्यातली जुनी भित्तिचित्रं जपलेली आहेत. तरी तो जिना चढताना मला दर वेळी वाईट वाटतं.

बोरोस संग्रहाचं बुकिंग कसं करायचं?

वेबसाइटवर, आणि लवकर. एकट्याने फिरता येत नाही; लहान गट, सोबत मार्गदर्शक, साधारण दीड तास. इंग्रजी फेऱ्याही असतात. शनिवार-रविवारच्या फेऱ्या आधी भरतात. आत फोटो काढू देत नाहीत आणि थंडी असते, उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी असू द्या.

कुठल्या वारी, किती वाजता जावं?

मंगळवार किंवा बुधवार ते शनिवार, सकाळी ११ ते संध्याकाळी ६, असा सर्वसाधारण रिवाज. रविवारी खासगी गॅलऱ्या बंद. भारतातून आलेल्या पाहुण्यांचा बेत नेमका रविवारचा असतो आणि मग हिरमोड होतो. रविवारी संग्रहालयं ठेवा, शनिवारी गॅलऱ्या. ऑगस्टमध्ये बऱ्याच गॅलऱ्या सुट्टीवर जातात, नाताळ ते नववर्षही तसंच. शिवाय एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावताना मध्ये काही दिवस दार बंद असतं.

जर्मन येत नाही. अडेल का?

अडणार नाही. इथल्या कलेच्या जगात इंग्रजी इतकं चालतं की जर्मन लोकच त्याबद्दल कुरकुरतात. टेबलावर प्रदर्शनाची माहिती देणारा कागद असतो, बहुधा दोन्ही भाषांत. तो जरूर उचला, पण वाचायचा नंतर. का, ते पुढच्या प्रश्नात.

समोर जे ठेवलंय ते कळतच नाही. मी काय बघायचं असतं?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, जणू दोष त्यांचा आहे.

मी जे करते ते सांगते. आधी चित्राजवळची पाटी वाचत नाही. कशापासून केलंय ते बघते: तेलरंग, लोखंड, मेण, जुने कपडे, नुसता आवाज? मग किती मोठं आहे, माझ्या अंगाच्या मानाने? मला जवळ जावंसं वाटतं की मागे सरावंसं? यातली कुठलीच गोष्ट समजायला शिक्षण लागत नाही. भाजी निवडताना आपण असंच बघतो, हाताने, नाकाने. त्यानंतर कागद वाचायचा आणि पुन्हा एकदा बघायचं.

एक उदाहरण देते. हाम्बुर्गर बाहनहोफ हे १८४० च्या दशकातलं रेल्वे स्थानक. १८८४ पर्यंत तिथून गाड्या सुटत, १९९६ पासून ते समकालीन कलेचं संग्रहालय आहे. तिथल्या संग्रहात योसेफ बॉइस या जर्मन कलाकाराचं १९७७ सालचं 'उनश्लिट' हे शिल्प आहे. उनश्लिट म्हणजे जनावराची चरबी. पिवळट पांढरे, ओबडधोबड, माणसापेक्षा मोठे ठोकळे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळस आली आणि थोडी भीतीही. मग वाचलं. म्युन्स्टर शहरात पादचारी भुयाराकडे उतरणाऱ्या रस्त्याखाली एक कोपरा उरला होता, बांधणाऱ्यांच्या हिशेबात कुठेच न बसलेला, घाण साचणारा. बॉइसने त्या निरुपयोगी पोकळीचा साचा केला आणि तो सुमारे २० टन चरबीने भरला. चरबी म्हणजे साठवलेली ऊब. शहराने टाकून दिलेल्या थंड जागेला त्याने ऊब भरून आकार दिला. हे कळल्यावर मी पुन्हा त्या ठोकळ्यांपुढे उभी राहिले. किळस गेली नाही, पण तिच्या जोडीला दुसरं काहीतरी आलं. दादरच्या पुलाखालचे, ठाण्याच्या उड्डाणपुलाखालचे असे कोपरे डोळ्यांपुढे आले.

आणि कधी कागद वाचूनही काही हलत नाही. मग पुढच्या खोलीत जायचं. सगळं आवडलंच पाहिजे असं कोणी सांगितलेलं नाही. आउगुस्टश्ट्रासेवर दहा दारं उघडली तर एखादंच काम माझ्याबरोबर घरी येतं. मात्र एका कामापुढे निदान पाच मिनिटं उभं न राहता 'हे तर माझं पोरगंही करेल' म्हणू नये. ते वाक्य मला खरंच टोचतं.

ओपनिंगला आमंत्रणाशिवाय जाता येतं का?

येतं. प्रदर्शनाच्या पहिल्या संध्याकाळला 'वेर्निसाज' म्हणतात. बहुधा गुरुवार किंवा शुक्रवारी ६ ते ९. वेबसाइटवर तारीख असते आणि कोणीही जाऊ शकतं. हातात बीअरची बाटली घेऊन निम्मी मंडळी फुटपाथवरच उभी असतात. कलाकार स्वतः हजर असतात, हा मोठा फायदा; मात्र गर्दीत काम नीट दिसत नाही. मी ओपनिंगला माणसांसाठी जाते आणि कामासाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा.

वर्षात सगळ्यात चांगला काळ कुठला?

एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला गॅलरी वीकेंड असतो, २००५ पासून. साधारण ५० गॅलऱ्या एकदम नवी प्रदर्शनं उघडतात आणि त्या दिवसांत रविवारीही दारं उघडी असतात. सप्टेंबरात बर्लिन आर्ट वीक. जुलैमध्ये कलाविद्यालयांचा 'रुंडगांग': विद्यार्थी आपले वर्ग आणि स्टुडिओ लोकांना खुले करतात, चित्रं अजून ओली असतात. हार्डेनबेर्गश्ट्रासेवरच्या कला विद्यापीठाचा रुंडगांग मी चुकवत नाही.

दर दोन-तीन वर्षांनी बर्लिन बिएनाले हा समकालीन कलेचा मोठा उत्सव येतो, तेव्हा अख्खा उन्हाळा शहरभर प्रदर्शनं असतात.

आपल्याकडचे कलाकार इथे बघायला मिळतात का?

मिळतात. २०२५ चं तेरावं बर्लिन बिएनाले ज्यांनी रचलं त्या जाशा कोला मुंबईच्या. मुंबईत त्यांनी सहकाऱ्याबरोबर क्लार्क हाउस इनिशिएटिव्ह ही कलाकारांची जागा उभी केली होती. बर्लिनमध्ये त्यांनी का-वे आणि हाम्बुर्गर बाहनहोफबरोबर लेर्टर श्ट्रासेवरची जुनी कोर्टाची इमारतही घेतली. दडपशाहीखालचे कलाकार सेन्सॉरच्या नजरेतून निसटून कसं बोलतात, हा त्या प्रदर्शनाचा गाभा होता.

त्याआधीच्या, २०२२ च्या बिएनालेत प्रभाकर कांबळे यांची मडक्यांची शिल्पं होती. मालिकेचं नाव 'उतरंड'. इंग्रजी पाटीवर त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागतो. आपल्याला लागत नाही. मडक्यावर मडकं, वरच्याचा भार खालच्यावर, आणि जातीच्या रचनेसाठी हाच शब्द आपण वापरत आलो आहोत. गोव्याच्या मयुरी चारी यांनी त्याच बिएनालेत शेणातून केलेलं काम मांडलं होतं, बाईच्या शरीराकडे समाज कसा बघतो त्याबद्दल. युरोपातल्या प्रेक्षकाला त्यात शेण हे 'वेगळं माध्यम' दिसतं. शेणाने सारवलेल्या अंगणात वाढलेल्या बाईला त्यात आईचे हात दिसतात.

उलट दिशेचा एक धागाही सांगते, फारसा कोणाला माहीत नसतो. रुडॉल्फ फॉन लायडन यांचा जन्म १९०८ चा, बर्लिनचा. भूगर्भशास्त्राचं शिक्षण घेतलेला हा माणूस १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी, मुंबईला आला. पुढे 'टाइम्स ऑफ इंडिया'त कलासमीक्षा लिहू लागला आणि आरा, हुसेन, रझा, गोव्याचे सूझा या तरुण प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या पाठीशी ज्यांनी सर्वांत आधी उभं राहून लिहिलं, त्यांत तो होता. बर्लिनने ज्यांना घालवलं त्यांनी मुंबईची नजर घडवायला हातभार लावला. इथे आपल्या चित्रकाराचं काम बघताना मला फॉन लायडन आठवतात.

नियमित बघायचं असेल तर टिअरगार्टनमधलं 'हाउस डेर कुल्टुरेन डेर वेल्ट' आणि वेडिंगमधलं 'सॅव्ही कंटेम्पररी' या कलाकेंद्रांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या कलाकारांना तिथे परके पाहुणे नव्हे, घरचेच मानतात.

किंमत विचारली तर चालते का?

चालते. भिंतीवर किमती नसतात. टेबलावर 'प्राइसलिस्टे' मागा. मोठ्या नावांची यादी कदाचित दाखवणार नाहीत, तरुण कलाकारांची दाखवतात. खरंच घ्यायचं असेल तर मर्यादित प्रतींची मुद्राचित्रं, फोटो यांपासून सुरुवात करा. कुन्स्टफेराइन आपल्या सभासदांना अशा प्रती परवडेल अशा दरात देतात. कागदपत्रांत कलाकाराची सही आणि प्रतीचा क्रमांक बघून घ्या. १ जानेवारी २०२५ पासून जर्मनीत गॅलरीतल्या कलाकृतींवरचा विक्रीकर १९ टक्क्यांवरून पुन्हा ७ टक्क्यांवर आला आहे. गॅलऱ्यांनी त्यासाठी दहा वर्षं आवाज उठवला होता.

फोटो काढावेत का?

खासगी गॅलरीत सहसा हरकत नसते. फ्लॅश नको. व्हिडिओ-कलेच्या अंधाऱ्या खोलीत फोन खिशात ठेवा.

संग्रहालयांचा मोफत रविवार अजून आहे का?

नाही. महिन्याचा पहिला रविवार मोफत ठेवण्याची योजना २०२१ मध्ये सुरू झाली होती. शहराने संस्कृतीच्या खर्चात कपात केली, त्यात ती २०२४ च्या अखेरीस गेली. त्या रविवारी तीन पिढ्यांची तुर्की, अरबी, व्हिएतनामी, आपली कुटुंबं रांगेत दिसायची. हा खर्च वाचवायला नको होता, असं माझं ठाम मत आहे. १८ वर्षांखालच्यांना सरकारी संग्रहालयांत आजही मोफत प्रवेश आहे.

लहान मुलांना नेलं तर?

जरूर न्या. गॅलरीत हात लावायचा नाही, हे दारातच सांगा आणि एका दिवशी दोनच ठिकाणं ठेवा. नॉयक्योल्नच्या क्योर्नरपार्कमधली गॅलरी माझी पहिली शिफारस: जुन्या ऑरेंजरीत, म्हणजे झाडं ठेवायच्या काचघरात, मोफत प्रदर्शन, बाहेर कारंजी आणि हिरवळ. क्रॉइत्सबेर्गमध्ये मारियाननप्लाट्झवर बेथानियन आहे, १८४७ सालचं रुग्णालय, आता 'कुन्स्टराउम', म्हणजे कलेची जागा. तेही मोफत, समोर मोठं मैदान. बाबागाडी असेल तर मात्र हिंटरहोफमधले वरचे मजले टाळा, लिफ्ट असेलच असं नाही.

ईस्ट साइड गॅलरी यातच येते का?

ती भिंतीचा १.३ किलोमीटरचा उरलेला भाग आहे, १९९० मध्ये २१ देशांतल्या ११८ कलाकारांनी रंगवलेला. अवश्य बघा, पहाटे गर्दी नसताना. पण आज काय घडतंय ते बघायचं तर दारं उघडून आत जावं लागेल.

माझ्याकडे एकच शनिवार आहे.

११ वाजता हाम्बुर्गर बाहनहोफ, मुख्य रेल्वे स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटं. दीड तासापेक्षा जास्त नको. तिथून शोसेश्ट्रासेवरची एन-बे-का चालत गाठा. मग ट्रामने किंवा पायी आउगुस्टश्ट्रासे; का-वेच्या चौकात कॉफी, आणि लीनिएनश्ट्रासेवरची दिसतील ती तीन-चार दारं, घंटा वाजवून. चारच्या सुमाराला यू-बानने, म्हणजे मेट्रोने, कुर्फ्युर्स्टनश्ट्रासे, पॉट्सडामर श्ट्रासेची आवारं, सहाला दारं लागेपर्यंत. हिवाळ्यात जात असाल तर संध्याकाळी पुन्हा हाम्बुर्गर बाहनहोफवरून जा. अंधार पडला की त्याच्या दर्शनी भागावर डॅन फ्लेव्हिन या अमेरिकन कलाकाराचे निळे-हिरवे दिवे लागतात आणि ते रस्त्यावरूनच दिसतात.

चित्र विकत घेणं परवडत नाही, पण घरात हवंय. काही मार्ग?

आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. बर्लिनमध्ये 'आर्टोटेक' असतात, म्हणजे चित्रांची लायब्ररी. एन-बे-काच्या आर्टोटेकमध्ये सुमारे ४ हजार कलाकृती आहेत, त्यांत नावाजलेल्या कलाकारांच्याही. बर्लिनमध्ये नाव नोंदवलेला रहिवासी किरकोळ शुल्क भरून त्यातल्या काही महिन्यांसाठी घरी नेऊ शकतो. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या. चित्र फ्रेमसकट मिळतं, गुंडाळून देतात, आणि ते काखेत धरून यू-बानने घरी यायचं. सध्या माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या समोरच्या भिंतीवर, करड्या रेघांचं एक मुद्राचित्र आहे. पहिले दोन आठवडे ते मला मुळीच आवडलं नव्हतं. परत करायची तारीख जवळ आली आहे, मुदत वाढवून मिळते का ते या आठवड्यात विचारणार आहे.